आतून 'ये' म्हणणारं

लव्हाळं विळ्याने कापायचं नसतं. मुळाशी धरून हाताने उपटायचं, तेही बेताने, नाहीतर पातं बोटाला चिरतं. रोशाला हे कळायला लागल्यापासून ठाऊक होतं, आणि तरी दर वर्षी एक बोट कापून घेतल्याशिवाय तिचं लव्हाळं पुरं होत नसे. यंदाही कापलं. घरामागच्या पाणथळीत वाकून, बोट तोंडात धरून ती उभी राहिली आणि डोंगराला म्हणाली, "झालं तुझं समाधान?"

डोंगराने उत्तर दिलं नाही. नोव्हेंबरपासून तिच्या बोलण्याला उत्तर द्यायचं सगळ्यांनीच सोडून दिलं होतं. कॉनल, तिचा भाऊ, नोव्हेंबरात गेला.

जानेवारीची ती शेवटची दुपार. उद्या संत ब्रिजिडचा दिवस, वसंताचा पहिला. तुम्ही म्हणाल, डोनेगलच्या किनाऱ्यावर एक फेब्रुवारीला कसला आलाय वसंत? समुद्र काळा, वारा हाडं फोडणारा, मेंढ्या भिंतींच्या आडोशाला. पण म्हणायचं असतं तसं. आणि आदल्या संध्याकाळी, दिवेलागणीला, ब्रिजिडला घरात घ्यायचं असतं. घरातल्या एका बाईने लव्हाळ्याची मोळी घेऊन बाहेर जायचं, दार ओढून घ्यायचं, सूर्य फिरतो त्या दिशेने घराभोवती तीन फेऱ्या मारायच्या, मग दार ठोठावून म्हणायचं: "गुडघे टेका, डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत घ्या." आतल्यांनी गुडघ्यांवर बसून उत्तर द्यायचं: "ये, ये, बाई, तुझंच घर आहे." असं तीनदा. तिसऱ्यांदा दार उघडायचं. मग लव्हाळं टेबलाखाली, त्याच्यावर बटाट्याचं पातेलं, आणि पोट भरल्यावर त्याच लव्हाळ्याचे क्रूस वळायचे. एक दारावर, एक गोठ्यात.

बाहेरचं काम रोशाचं. आई होती तेव्हापासून तिचंच. आत सुरुवातीला माणसांचा मेळा असे: आई, बाबा, आजी, चार भाऊ. मग ते एकेक कमी होत गेले. कोणी कबरीत, कोणी ग्लासगोला, कोणी बॉस्टनला. शेवटची कित्येक वर्षं आत एकटा कॉनल. पण एकटा कॉनल चौघांना भारी होता. ती बाहेर पावसात उभी राहून म्हणायची, "ब्रिजिडला आत घ्या," आणि आतून हा विचारायचा, "कोण ब्रिजिड? गेल्या वर्षी आली होती तीच? तिने माझं सगळं लोणी संपवलं होतं."

"कॉनल, गुडघे टेक."

"टेकले असते गं, पण उठवणार कोण? ती की तू?"

"मी भिजतेय इथे!"

"मग ये, ये, बाई, तुझंच घर आहे. पाय पुसून ये."

दर वर्षी रोशा रागावायची. देवाच्या गोष्टीत थट्टा करू नये, असं दर वर्षी म्हणायची. आता त्या थट्टेसाठी तिने डावा हात काढून दिला असता.

एका हाताने टाळी वाजत नाही, आणि ब्रिजिडची संध्याकाळ एका माणसाने होत नाही. बाहेरचं बाहेर लागतं, आतलं आत. हा साधा हिशेब तिला क्रिसमसच्या सुमारासच लक्षात आला होता आणि तेव्हापासून तो तिच्या मानगुटीवर बसला होता. कारण ज्या घरात त्या संध्याकाळी 'ये' म्हणणारं कुणी नसतं, ते घर संपलं असं त्या गावात समजतात. छप्पर असतं, दार असतं, पण घर नसतं. डोंगराच्या पायथ्याशी अशी कितीतरी होती. भाची डिम्फना क्रिसमसला येऊन म्हणून गेली होती, "आत्या, माझ्याकडे लेटरकेनीला चल. गरम पाण्याचा नळ आहे, शेजार आहे." रोशाने बघू म्हटलं होतं. घर आहे तोवर ते सोडून कसं जायचं? आणि घर नसेलच तर मग राहायचं तरी कशाला? आज संध्याकाळी काय ते ठरणार होतं. मनाशी तिने तसं पक्कं केलं होतं.

डिम्फनाला तिने ही अडचण सांगून पाहिली होती.

"एवढंच ना?" डिम्फना म्हणाली. "बाहेर जायचं, आत यायचं. दार तुझं, कडी तुझी."

"आणि 'ये' कोण म्हणणार?"

"तूच म्हण. कोण बघायला बसलंय?"

शहरात राहिलं की माणसं अशी बोलतात. पोस्टमन ह्यूडी निदान गावातला होता. सकाळी पत्र द्यायला आला तेव्हा तिने सहज विचारावं तसं विचारलं, "संध्याकाळी काय करतोस रे?"

"मावशी, आमच्या घरी पोरीने लव्हाळं आणलंय. मी आत बसलो नाही तर बायको मला वर्षभर बाहेर ठेवेल." मग त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा पडला. "कॅप्टन आहे की तुमचा. तो भुंकेल आतून."

"कॅप्टनला गुडघे टेकता येतात, पण डोळे उघडे ठेवत नाही तो," रोशा म्हणाली, आणि दोघं हसले. ह्यूडी जाताना मात्र फाटकाशी घुटमळला. "मॅनसला का नाही विचारत?" असं तो पुटपुटला आणि उत्तराची वाट न पाहता सायकलवर बसला. शहाणा मुलगा.

मॅनसचं घर शेतापलीकडे, हाक ऐकू जाईल एवढ्यावर. मधे एक दगडी भिंत आणि तेरा वर्षं.

ते प्रकरण असं. रोशाच्या आईचं एक गाणं होतं. त्या भागात गाणं म्हणजे विहिरीचं पाणी नव्हे की कोणीही घागर भरून न्यावी. गाणं ज्याचं त्याचं असतं. ऐकायला सगळ्यांना मोकळीक, पण ज्याचं आहे तो जिवंत असताना दुसऱ्याने ते तोंडात आणायचं नाही. आईमागे ते कॉनलचं झालं. खाडीच्या काठावर उभी राहून नाववाल्याला हाका मारणाऱ्या एका बाईचं ते गाणं. कॉनल ते वर्षातून दोनतीनदा गायचा, डोळे मिटून, भिंतीकडे तोंड करून, आणि रोशा त्याचा हात हातात धरून हळूहळू फिरवत राहायची, रहाट फिरवावा तसा. गाणाऱ्याला हात द्यावा लागतो. त्याशिवाय तो गाण्यात फार खोल गेला तर त्याला परत कोण आणणार?

एकदा डब्लिनहून दोन माणसं टेपचं यंत्र घेऊन आली. म्हातारी गाणी जमवत हिंडत होती ती. कॉनलचं नाव ऐकून आली, तर कॉनल स्कॉटलंडला, बटाट्याच्या हंगामावर. मॅनस स्वयंपाकघरात बसला होता. त्या काळी तो बसलेला असायचाच. रोशासाठी येतो असं लोक म्हणत, आणि लोक काही अगदीच खोटं बोलत नव्हते. पाहुणे हिरमुसले. इतक्या लांब येऊन रिकाम्या हाताने जायचं म्हणजे कसं वाटतं. मॅनस म्हणाला, "मला येतं ते. शेवटचं कडवं सोडून." आणि त्याने गायलं.

आणि रोशाने त्याचा हात धरला. गाणारा माणूस कोणी हात न धरता गातोय, हे तिला बघवलं नाही.

ते रेडिओवर लागलं. ग्लासगोतल्या एका खानावळीत, पन्नास माणसांत, कॉनलने आपल्या आईचं गाणं मॅनसच्या आवाजात ऐकलं. शेवटी मॅनसचं नाव सांगितलं. घरी आला तेव्हा तो ओरडला नाही, भांडला नाही. मॅनस माफी मागायला आला तर कॉनलने दार लावून घेतलं, आणि ते कायमचं. रोशाला तो त्याबद्दल एका शब्दाने बोलला नाही. फक्त त्यानंतर तो कधी गायला नाही. गायला नाही म्हणजे तिच्यापुढे हातही केला नाही. ती शिक्षा कोणाची होती, हे तिला तेरा वर्षं रोज कळत होतं.

मॅनस येईनासा झाला. रोशाही गेली नाही. दोघा पुरुषांच्या पिळात तिचं उरलंसुरलं तारुण्य सरलं. तारुण्य म्हणजे काय, पन्नाशीच होती, पण पन्नाशीतही माणसाला वाटतं काहीबाही. ते तिने तोंड मिटून गिळलं.

आणि सुंभ जळला तरी पीळ राहतोच. ऑक्टोबरात अंथरुणाला खिळल्यावर कॉनल तिला म्हणाला होता, "मी या घरात असेपर्यंत त्याला उंबरा ओलांडू द्यायचा नाही." ती हो म्हणाली. मरणाऱ्याला माणूस हो म्हणतं.

मग मयताच्या जागराची रात्र आली. कॉनल मधल्या खोलीत पांढऱ्या चादरीवर, हातात जपमाळ. सगळं गाव आत, तंबाखू, चहा, प्रार्थना. मयताच्या घरी कोणाला 'ये' म्हणावं लागत नाही, दार उघडंच असतं. मॅनस रविवारचा कोट घालून आला आणि उंबऱ्याबाहेर थांबला. टोपी हातात. पाऊस पडत होता. तो रोशाकडे बघत राहिला, आणि रोशा दारात उभी राहून त्याच्याकडे. एक शब्द पुरला असता. पण कॉनल अजून घरात होता ना! मधल्या खोलीत, पण होता. तिने दिलेला शब्द त्याच्याबरोबर अजून आत झोपला होता. मॅनसने बाहेरच गुडघे टेकले, चिखलात, प्रार्थना म्हटली, आणि निघून गेला. सगळ्यांनी पाहिलं. मयताच्या दारातून माणूस परत गेला, हे त्या गावात पिढ्यान्‌पिढ्या घडलं नव्हतं.

आता ह्यूडी म्हणतो, मॅनसला विचार. कोणत्या तोंडाने?

दिवेलागणीला तिने बटाटे उकडून कुस्करले, मधोमध खळगं करून त्यात लोण्याचा गोळा ठेवला, पातेलं चुलीशेजारी झाकून ठेवलं. ताटल्या दोन मांडल्या. एक उचलून परत फडताळात ठेवली. मग पुन्हा काढली. डोकेदुखीवर बांधायचं फडकं, रात्री ब्रिजिडने जाताजाता त्याला हात लावावा म्हणून, कुंपणाच्या झुडपावर टाकलं. शाल घेतली, मोळी उचलली, बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आत कॅप्टन एकदा कुंईकुंई करून गप्प झाला.

एकदा उचललेली मोळी घराबाहेर जमिनीवर ठेवायची नसते. ती छातीशी धरून रोशा घराभोवती फिरली. पहिल्या फेरीला तिला स्वतःचं हसू आलं. दुसऱ्या फेरीला मागच्या खिडकीतून आत दिवा दिसला, चूल दिसली, कॉनलची रिकामी खुर्ची दिसली. कोणीतरी नुकतं उठून गेल्यासारखी ती खोली होती. तिसरी फेरी तिने खाली मान घालून मारली.

दार ठोठावलं.

"गुडघे टेका," ती म्हणाली. आवाज चांगला खणखणीत निघाला. "डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत घ्या."

वारा समुद्राकडून येत होता. छपराच्या कडेवरून पाणी ठिबकत होतं. ती थांबली. का थांबली? उत्तर येणार नाही हे काय तिला ठाऊक नव्हतं? पण माणूस थांबतं.

दुसऱ्यांदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणाली तेव्हा आवाज फुटला.

कडी तिच्या हाताच्या अंतरावर होती. डिम्फना असती तर म्हणाली असती, उघड की! पण न बोलावता ब्रिजिड या घरात कधी शिरली नव्हती. आज शिरली तर ती पाहुणी नव्हे, पावसातून आडोशाला आलेली कोणीतरी बाई. आणि स्वतःच आतून 'ये' म्हणायचं, तर आधी आत जावं लागतं. रोशाला कॉनलचा इतका राग आला की तिने दारावर मूठ मारली. "मेलास ते मेलास," ती मोठ्याने म्हणाली, "पण जाताना एक माणूसही ठेवलं नाहीस मला! होतं तेही घालवून दिलंस!" मग ती रडली. मोळी हातात असल्यामुळे तिला डोळे पुसता येईनात.

रडणं ओसरल्यावर तिने मान वर केली तर शेतापलीकडे मॅनसच्या खिडकीत दिवा होता.

ती निघाली. विचार करून निघाली असती तर निघालीच नसती. भिंतीतल्या खिंडारातून चिखल तुडवत, बूट भरून घेत ती त्याच्या दारापर्यंत गेली. काय म्हणायचं हे वाटेत जुळवलं होतं: मॅनस, थोडा वेळ माझ्या घरात येऊन बसशील का? एवढंच. त्यात जागराचं काही काढायचं नाही. तिने दार ठोठावलं, आणि तेव्हा तिला उमगलं की ती लव्हाळ्याची मोळी घेऊन दारात उभी आहे. आजच्या संध्याकाळी मोळी घेऊन जी दार ठोठावते, तिला बोलायला एकच वाक्य असतं.

"कोण आहे?" आतून मॅनसचा आवाज आला.

तिने मोळी सावरली.

"गुडघे टेका," ती म्हणाली. "डोळे उघडा आणि ब्रिजिडला आत घ्या."

आत काहीच हललं नाही. खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही. रोशा मनात म्हणाली, बरोबर आहे. तू त्याला पावसात उभं केलंस, आता तू उभी राहा. ती उभी राहिली. परत फिरावं असं तिच्या पायांना वाटत होतं.

मग धप्प असा आवाज झाला, म्हाताऱ्या गुडघ्यांचा, फरशीवर.

"ये," मॅनस म्हणाला. "ये, बाई. तुझंच घर आहे."

तिने दुसऱ्यांदा म्हटलं. त्याने दुसऱ्यांदा उत्तर दिलं. तिसऱ्यांदा तिला शब्द पुरे करता आले नाहीत, पण त्याने उत्तर पुरं दिलं, आणि गुडघ्यांवरच सरकत येऊन दार उघडलं.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. तो किती म्हातारा झाला होता! शेतापलीकडून दिसत नव्हतं.

"या घरात ब्रिजिड होऊन कोण यायचं?" तिने विचारलं. काहीतरी बोलायचं म्हणून.

"आई गेल्यापासून कोणी नाही. पुरुषाने मोळी उचलायची नसते," मॅनस म्हणाला. "पण माझं चालायचं. तुमचं ऐकू यायचं ना इथवर. तू म्हणायचीस, तो थट्टा करायचा. त्याचं 'ये' ऐकलं की मी माझे बटाटे वाढून घ्यायचो."

"दर वर्षी?"

"मग? लोण्याचं काय म्हणायचा तेही पाठ आहे मला."

रोशाने विचारलं, "आज ऐकलंस?"

"आज ऐकलं. तीनदा." मॅनसने चौकटीला धरून स्वतःला उभं केलं. "तुला कोणी उत्तर देईना. मग मी दिलं."

"कुठून?"

"इथूनच. दारात उभं राहून. ओरडूनच म्हटलं, तिन्ही वेळा. पण वारा तुझ्याकडून माझ्याकडे होता. तुला कसं ऐकू येणार?"

ती दाराला मूठ मारून रडत होती तेव्हा हा माणूस वाऱ्याच्या तोंडावर उभा राहून 'ये, बाई, ये' असं ओरडत होता. तेरा वर्षांत तिला न ऐकू आलेलं आणखी काय काय असेल, हा विचार तिच्या मनात आला आणि तिने तो तिथेच सोडून दिला. त्याचा आता काय उपयोग?

"टोपी घाल," ती म्हणाली. "चल माझ्याकडे. माझ्या घरात अजून ती आलेली नाही."

त्याच्या टेबलाखाली तिने लव्हाळ्याच्या चार काड्या ठेवल्या, उरलेली मोळी उचलली, आणि ती दोघं शेतातून निघाली. तो पुढे, ती मागे. भिंतीच्या खिंडारात त्याने तिला हात दिला आणि लगेच सोडला.

रोशाच्या दाराशी येऊन मॅनस थांबला. अगदी त्याच दगडावर, जागराच्या रात्री जिथे थांबला होता. टोपी काढून हातात धरली. कडीला हात लावला नाही.

"जा ना आत," रोशा म्हणाली. "तू आत गेल्याशिवाय मी ठोठावू कसं?"

तो तसाच उभा. रागाने नव्हे. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. पण जे राहून गेलं होतं ते राहूनच गेलं होतं, आणि ते ओलांडून जायचं त्याच्या हातात नव्हतं. "कॉनलने काय सांगितलं होतं, ते मला माहीत आहे," तो म्हणाला. "गावात सगळ्यांना माहीत आहे."

"तो घरात असेपर्यंत, असं म्हणाला होता."

"मग?"

रोशाने दाराकडे पाहिलं. नोव्हेंबरपासून तिने कॉनलचा कप रोज धुऊन ठेवला होता. त्याच्या खुर्चीत कॅप्टनलासुद्धा बसू दिलं नव्हतं. सकाळी उठून चुलीवर दोन माणसांच्या मापाने पाणी ठेवत होती आणि अर्धं ओतून देत होती. कॉनल कबरीत होता हे तिला कळत होतं. घरात नाही, असं तिने अजून एकदाही तोंडाने म्हटलं नव्हतं.

"कॉनल आता घरात नाही," ती म्हणाली.

म्हटल्यावर ते खरं झालं. वारा तसाच होता, पाणी तसंच ठिबकत होतं, आणि ते खरं होतं.

"ये," ती मॅनसला म्हणाली. "ये, मॅनस. तुझंच घर आहे."

तो आत गेला. त्याने आतून दार लावून घेतलं, आणि रोशा पुन्हा बाहेर एकटी उरली. तिने तीन फेऱ्या पुन्हा मारल्या. मागच्या खिडकीतून पाहायचं नाही असं ठरवूनही पाहिलं. मॅनस कॉनलच्या खुर्चीत बसला नव्हता. तिच्याकडे पाठ करून, दाराकडे तोंड करून, उघड्या फरशीवर गुडघे टेकून तो वाट बघत होता. कॅप्टन त्याच्या शेजारी बसला होता, चोरट्यासारखा.

ती ठोठावत होती आणि तो उत्तर देत होता. कुठेही चूक नाही, थट्टा नाही, लोण्याची चौकशी नाही. देवाच्या गोष्टीत असावं तसंच सगळं. तिसऱ्या 'ये'ला दार उघडलं, ब्रिजिड आत आली, घर राहिलं. रोशाने लव्हाळं टेबलाखाली पसरलं, त्यावर पातेलं ठेवलं. दुसरी ताटली मांडलेलीच होती.

जेवण झालं. मग क्रूस वळायला बसल्यावर मॅनस लव्हाळ्याकडे बघत म्हणाला, "त्या गाण्याचं, रोशा. मी पाहुण्यांना नाही म्हणायला हवं होतं."

"हात मी धरला होता," ती म्हणाली.

थोड्या वेळाने तिने हातातला क्रूस बाजूला ठेवला आणि टेबलावरून हात पुढे केला, तळवा वर. मॅनसने मान हलवली. "ते नाही गाणार मी. एकदा गायलं ते पुरे झालं."

"तुला कोण गा म्हणतंय? धर."

त्याने तिचा हात धरला. रोशाने भिंतीकडे तोंड केलं आणि डोळे मिटले. आयुष्यात ती कधी गायली नव्हती. तिचं काम हात धरायचं. आवाज जाडाभरडा निघाला, पण चाल आईची होती, कॉनलची होती, प्रत्येक वळण तिच्या मनगटात बसलेलं होतं. पलीकडच्या काठावरून हाक मारणारी बाई, उतरत चाललेलं ऊन, नाववाल्याचं न येणं. मॅनस हात हळूहळू फिरवत होता. मग ती शेवटच्या कडव्याशी आली.

नाव आली भरतीला, नाववाला नाही आला...

ती थांबली. भरतीला, की ओहोटीला? आई भरतीला म्हणायची, की तो कॉनलचा बदल होता? तिने डोळे मिटलेलेच ठेवले आणि वाट पाहिली. कॉनल असता तर खुर्चीतून खेकसला असता, "ओहोटीला गं!" किंवा "भरतीला!" जे असेल ते, पण ताबडतोब.

चूल धुमसत होती. वारा पडला होता.

"मला ते कडवं येतच नाही," मॅनस हलकेच म्हणाला. हात त्याने सोडला नाही.

म्हणजे गाणं आता तिचं होतं. ती चुकली तर चूक म्हणणारं जगात कोणी उरलं नव्हतं, आणि बरोबर आलं तर बरोबर म्हणणारंही. रोशाने श्वास घेतला.

"नाव आली ओहोटीला," ती गायली, आणि पुढे गेली.